खाणींचे अपघात: डोंगर, बंधारे आणि ढिगारे पाण्यामुळे का कोसळतात?

२५ जानेवारी २०१९, शुक्रवार. ब्राझीलमधल्या ब्रुमाडिन्हो शहराजवळच्या लोहखनिजाच्या खाणीत जेवणाची वेळ झाली होती. खाणीचं कँटीन आणि ऑफिस एका ८६ मीटर उंच बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला होतं. ८६ मीटर म्हणजे साधारण २८ मजली इमारतीएवढी उंची. दुपारी १२ वाजून २८ मिनिटांनी तो बंधारा एकदम खचला आणि पाच मिनिटांच्या आत सुमारे ९७ लाख घनमीटर गाळ खाली वाहत आला. २७० जणांचा जीव गेला. त्यातले बहुतेक जण खाणीतच काम करणारे होते. धोक्याचा भोंगा वाजलाच नाही.

या बंधाऱ्यात २०१६ पासून नवा गाळ टाकणं बंद होतं. त्यावर रडारची नजर होती, आतल्या पाण्याचा दाब मोजणारी उपकरणं बसवलेली होती आणि तो स्थिर असल्याचं प्रमाणपत्र काही महिन्यांपूर्वीच मिळालं होतं. एवढं सगळं असताना तो पडला कसा?

खाणींच्या मोठ्या अपघातांचे चौकशी अहवाल वाचले तर देश बदलतो, खनिज बदलतं, पण एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सापडते: पाणी. कधी ते वरून येतं, कधी शेजारच्या जुन्या खाणीतून, कधी जमिनीच्या खालून. आणि कधी ते मातीच्या कणांमध्ये लपून बसलेलं असतं, जे सगळ्यात धोकादायक.

विहिरीला पाणी लागलं की आनंद, खाणीला लागलं की डोकेदुखी

जमिनीत एका ठरावीक खोलीखाली मातीतल्या पोकळ्या आणि खडकातल्या भेगा पाण्याने भरलेल्या असतात. त्या पाण्याचा वरचा थर म्हणजे भूजल पातळी. विहीर या पातळीच्या खाली जाते म्हणून तिला पाणी लागतं. कोळशाची किंवा लोहखनिजाची उघडी खाण या पातळीच्या खाली गेली की तीही एक अवाढव्य विहीरच होते. फरक इतकाच, की या विहिरीच्या तळाशी डंपर, शॉव्हेल आणि माणसं असतात.

त्यामुळे पंप लावावे लागतात. खाणीच्या सगळ्यात खोल जागी एक खड्डा ठेवतात, त्याला ‘संप’ म्हणतात. पावसाचं आणि झिरपलेलं पाणी तिथे जमा होतं आणि तिथून वर उपसलं जातं. बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून खाणीभोवती चर खणतात. खाणीला हारासारखा वेढा घालतो, म्हणून त्याचं नाव ‘गारलँड ड्रेन’. मोठ्या खाणी याच्याही पुढे जातात. खोदाई पोहोचण्याच्या आधीच भोवती खोल बोअर मारून भूजल पातळी खाली आणतात, म्हणजे कडा कोरड्या राहतात.

तमिळनाडूतलं नेयवेली हे याचं भारतातलं जुनं आणि ठळक उदाहरण. तिथे लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, सापडला खरा. पण त्याच्या थराखाली दाबाखाली कोंडलेलं पाणी होतं. वरची माती काढली की थरावरचं ओझं कमी होणार आणि खालचं पाणी खाणीचा तळच फोडून वर येणार, अशी स्थिती. तिथे पाण्याचा हा वर ढकलणारा दाब दर चौरस सेंटिमीटरला ६ ते ८ किलो होता. ६० ते ८० मीटर उंच पाण्याचा स्तंभ जेवढा दाब देईल तेवढा. उपाय एकच होता: खाणीभोवती बोअर मारून रात्रंदिवस पाणी उपसत राहायचं. हा उपसा खाण चालू आहे तोवर थांबवता येत नाही.

उपशाचा दुसरा भाग मात्र खाणीच्या कुंपणाबाहेर दिसतो. खाणीने पातळी खाली ओढली की आजूबाजूच्या गावांच्या विहिरींचीही पातळी खाली जाते. गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या गावांची लोहखनिज खाणींविरुद्धची एक जुनी तक्रार हीच होती. वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या राज्यात उन्हाळ्यात विहिरी आटणं हे बाहेरच्या माणसाला खोटं वाटेल. पण खाण भूजल पातळीच्या खाली गेली आणि पंप सुरू राहिले की पावसाचा आकडा कितीही मोठा असला तरी विहिरीला उपयोग नसतो. पावसाळ्यात उलटा त्रास: ढिगाऱ्यांवरची लाल माती ओढ्यांतून भातशेतीत उतरते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातलं खाणकाम थांबलं, तेव्हा पंपही थांबले आणि खड्डे पुन्हा पाण्याने भरले. खाण बंद झाली म्हणजे पाण्याचा प्रश्न संपला, असं होत नाही. तो फक्त रूप बदलतो.

ओल्या वाळूचं गणित

पाण्यामुळे उतार का घसरतात, हे समजायला समुद्रकिनारा पुरेसा आहे. कोरड्या वाळूचा किल्ला होत नाही. किंचित ओल्या वाळूचा होतो, कारण कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांकडे खेचून धरतं. पण बादलीभर पाणी ओतलं की तोच किल्ला बसतो. लाट परत जाताना पाण्यात उभं राहून पाय हलवले की पायाखालची घट्ट वाळू अचानक मऊ होते, हाही अनुभव बहुतेकांना असतो.

माती किंवा वाळू उभी राहते ती कणांनी एकमेकांना घट्ट दाबून धरल्यामुळे. या दाबातून घर्षण तयार होतं आणि घर्षण उताराला धरून ठेवतं. कणांमधल्या जागेत पाणी भरलं आणि त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर ते पाणी कणांना एकमेकांपासून दूर ढकलू लागतं. वजन तेवढंच राहतं, पण पकड कमी होते. कार्ल टेरझागी या अभियंत्याने १९२० च्या दशकात हे सूत्ररूपात मांडलं आणि मृदा अभियांत्रिकी नावाची शाखा तिथून उभी राहिली. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं, तिथे खाण नव्हती. पण मुसळधार पावसात मातीची पकड सुटण्यामागचं विज्ञान तेच.

म्हणून खाण अभियंत्यांच्या दृष्टीने पाण्याचं प्रमाण जितकं महत्त्वाचं, त्याहून त्याचा दाब जास्त महत्त्वाचा. तो मोजायला ‘पिझोमीटर’ नावाचं उपकरण उतारात बोअर मारून खोलवर बसवतात. उताराच्या पोटात आडव्या जाळीदार नळ्या घालून पाण्याला वाट करून देतात. घाटातल्या रस्त्याकडेच्या संरक्षक भिंतींना भोकं ठेवलेली असतात, ती याचसाठी. ती भोकं बुजली की भिंत फुगते, हे घाटातून जाणाऱ्या कुणालाही दिसू शकतं.

शाळेच्या वरचा ढिगारा

खनिजापर्यंत पोहोचण्यासाठी आधी वरची माती आणि दगड काढावे लागतात. याला ‘ओव्हरबर्डन’ म्हणतात. चंद्रपूर-यवतमाळच्या कोळसापट्ट्यात सगळे ‘ओबी’च म्हणतात. त्याचे डोंगर तिथल्या रस्त्यांवरून दिसतात. भूमिगत खाणींतूनही टाकाऊ दगड आणि कोळशाचा चुरा बाहेर येतो आणि त्याचेही ढिगारे होतात. अशा ढिगाऱ्याने केलेल्या सगळ्यात भीषण अपघातांपैकी एक वेल्समध्ये झाला.

अ‍ॅबरफॅन हे कोळसा खाणीचं गाव. गावाच्या वर डोंगरावर खाणीतल्या टाकाऊ मालाचे सात ढिगारे होते. त्यातला सातवा ढिगारा १९५८ पासून जिथे टाकला जात होता, तिथे खाली झरे होते. २१ ऑक्टोबर १९६६ ला, तीन आठवड्यांच्या मोठ्या पावसानंतर, सकाळी सव्वानऊच्या सुमारास तो ढिगारा पातळ होऊन खाली आला आणि पँटग्लास प्राथमिक शाळेवर कोसळला. मुलं नुकतीच वर्गात बसली होती. १४४ जण गेले, त्यातली ११६ मुलं होती.

त्या खाणी सरकारी मालकीच्या नॅशनल कोल बोर्डाकडे होत्या. बोर्डाच्या अध्यक्षांनी सुरुवातीला सांगितलं की ढिगाऱ्याखालचा झरा माहीत असणं शक्यच नव्हतं. प्रत्यक्षात तो नकाशांवर होता आणि गावातल्या लोकांना ठाऊक होता. शाळेच्या मागे ओला चुरा टाकण्याच्या धोक्याबद्दल स्थानिक अभियंत्याने १९६३ मध्येच लेखी कळवलं होतं. १९६७ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाने बोर्डालाच जबाबदार धरलं. ब्रिटनमध्ये ढिगाऱ्यांच्या सुरक्षेचा स्वतंत्र कायदा १९६९ मध्ये झाला. तोपर्यंत कायद्याच्या लेखी ढिगारा ही फक्त टाकाऊ मालाची जागा होती, अभियांत्रिकीची रचना नव्हती.

ढिगारा कुठे टाकायचा, हा निर्णय तो किती उंच करायचा याच्याइतकाच महत्त्वाचा आहे, हे अ‍ॅबरफॅनमधून जगाला कळलं. झरा, ओढा, काळी चिकण माती, जुनी दलदल यांवर माल टाकायचा असेल तर आधी पाण्याला वाट करून द्यावी लागते.

सगळंच पाण्याच्या माथी मारता येत नाही, हेही खरं. २९ डिसेंबर २०१६ ला झारखंडच्या गोड्डा जिल्ह्यात, ईस्टर्न कोलफिल्ड्सच्या राजमहल खाणीत ओव्हरबर्डनचा मोठा भाग घसरला आणि २३ कामगारांचा मृत्यू झाला. महिना डिसेंबरचा होता, पावसाळा केव्हाच संपला होता. उताराची तीव्रता, ढिगाऱ्याची उंची आणि खालच्या खडकातले कमकुवत थर हे घटक पाण्याशिवायही जीव घेऊ शकतात. म्हणूनच भारतातल्या कोळसा खाणींना मिळणाऱ्या पर्यावरण मंजुरीत ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा, त्याला टप्पे असावेत, पायथ्याला भिंत असावी, अशा अटी सर्रास दिसतात. २८ अंश डोळ्यांनी बघितले तर फारच सपाट वाटतात. जागा वाचवण्यासाठी ढिगारा थोडा उभा करण्याचा मोह तिथेच होतो.

ब्रुमाडिन्होचा बंधारा फुटला कसा?

दगड फोडून, दळून, धुऊन खनिज वेगळं केलं की मागे बारीक ओला चुरा उरतो. त्याला ‘टेलिंग्ज’ म्हणतात. हा चुरा पाण्यासकट एका मोठ्या तळ्यात सोडतात आणि तळ्याला बांध घालतात. धरण बहुतेक वेळा एकदाच बांधून होतं. टेलिंग्जचा बांध मात्र खाण चालू असेपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढत राहतो. ब्रुमाडिन्होचा बांध १९७६ पासून वाढत गेला होता.

वाढवण्याच्या पद्धती तीन आहेत. त्यातली सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे पुढचा टप्पा आधी साठलेल्या गाळावरच, आतल्या बाजूला, बांधायचा. इंग्रजीत तिला ‘अपस्ट्रीम’ म्हणतात. यात भरावाला माती कमी लागते आणि जागाही कमी. अडचण उघड आहे: वरच्या टप्प्याचा पाया म्हणजे खालचा गाळ, आणि तो गाळ कोरडा राहिला तरच पाया पक्का. चिलीमध्ये १९६५ च्या भूकंपात एल कोब्रे इथले असे बंधारे फुटून २०० हून जास्त लोक गेले. त्यानंतर १९७० मध्ये चिलीने ही पद्धत बंद केली. ब्राझीलने केली नाही. ५ नोव्हेंबर २०१५ ला ब्राझीलच्याच मारियाना भागात फुंडाव बंधारा फुटला, १९ जण गेले आणि गाळ नदीवाटे ६०० हून जास्त किलोमीटर वाहत अटलांटिक महासागरापर्यंत पोहोचला. तरीही पद्धत चालू राहिली. ब्रुमाडिन्होचा बंधारा ‘वाले’ या ज्या कंपनीचा होता, तीच मारियानाच्या खाणीतही भागीदार होती.

२०१९ च्या अपघातानंतर तज्ज्ञांच्या समितीने काढलेला निष्कर्ष असा: बंधाऱ्यातला गाळ सैल होता, जड होता आणि पाण्याने भरलेला होता. आतून पाणी बाहेर काढण्याची व्यवस्था अपुरी होती, त्यामुळे आतली पाण्याची पातळी उंच राहिली. उतार जास्त उभा होता. त्यात मोठ्या पावसामुळे वरच्या थराची ओलसर पकडही कमी झाली. गाळ आतल्या आत अगदी सावकाश सरकत होता आणि एका क्षणी सगळ्याने एकदम साथ सोडली. घट्ट दिसणारी माती काही सेकंदांत द्रवासारखी वाहू लागली. याला ‘लिक्विफॅक्शन’ म्हणतात. भूकंपात असं होतं हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण इथे भूकंप झालेला नव्हता. त्या वेळी बंधाऱ्यावर बोअर मारण्याचं काम सुरू होतं आणि त्यानेच शेवटचा धक्का दिला असावा, अशी शक्यता २०२१ मध्ये बार्सिलोनाच्या अभ्यासकांनी मांडली.

पाणी जास्त आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, असं नाही. २०१८ मध्ये पातळी खाली आणण्यासाठी बंधाऱ्यात आडव्या नळ्या घालायला सुरुवात झाली होती. जूनमध्ये पंधरावी नळी घालताना गाळमिश्रित पाणी भलतीकडून बाहेर येऊ लागलं, म्हणून काम थांबवलं गेलं. ते काम तसंच राहिलं.

दुसरी गोष्ट आकड्याची. उताराला धरून ठेवणारं बळ भागिले त्याला खाली ओढणारं बळ, याला ‘सुरक्षा गुणांक’ म्हणतात. तो १ झाला की उतार पडायच्या बेतात असतो. अचानक पकड सुटण्याचा धोका असलेल्या बंधाऱ्यात तो किमान १.३ असावा, अशी तज्ज्ञांची शिफारस होती. ब्रुमाडिन्होच्या २०१८ च्या तपासणीत तो १.०९ आला होता. तरीही स्थिर असल्याचं प्रमाणपत्र दिलं गेलं. ते देणारी जर्मन संस्था ‘ट्युफ झ्युड’ खाण कंपनीनेच नेमलेली होती. तपासणाऱ्याचं बिल ज्याची तपासणी करायची तोच भरत असेल, तर १.०९ हा आकडा ‘पुरेसा’ कसा ठरतो, याचं उत्तर अभियांत्रिकीत शोधून मिळत नाही.

सगळ्यात अस्वस्थ करणारा निष्कर्ष मात्र वेगळाच आहे. रडार आणि उपग्रहाच्या नोंदी पुन्हा तपासल्यावरही कोसळण्याआधी बंधारा सरकत असल्याची ठळक खूण सापडली नाही. म्हणजे उपकरणं तिथे होती, पण या प्रकारचा अपघात आधी खूण देतोच असं नाही. काच तडकताना आधी वाकत नाही, तसंच. अशा बंधाऱ्यात दोनच गोष्टी जीव वाचवतात: आतलं पाणी वेळेत कमी करणं आणि बंधाऱ्याच्या खाली माणसं न ठेवणं. कँटीन दुसरीकडे बांधायला रडारची गरज नव्हती.

जिथे एकही जीव गेला नाही

अमेरिकेच्या युटा राज्यात बिंगहॅम कॅन्यन ही तांब्याची खाण आहे. सुमारे ४ किलोमीटर रुंद, १ किलोमीटरहून जास्त खोल. २०१३ च्या फेब्रुवारीत तिची ईशान्येकडची कडा सरकू लागल्याचं उपकरणांनी टिपलं. सुरुवातीला हे सरकणं डोळ्यांना दिसणारंही नव्हतं. वेग हळूहळू वाढत गेला.

खाणीने त्या कडेजवळच्या इमारती आधीच हलवल्या. १० एप्रिलला खाणीतून सगळ्यांना बाहेर काढून काम बंद केलं आणि दरड येणार असल्याचं जाहीरही केलं. त्याच रात्री साधारण दीड तासाच्या अंतराने दोन प्रचंड दरडी कोसळल्या. जवळपास १४.५ कोटी टन दगड खाली आला. इतका, की त्या धक्क्यांनी नंतर १६ छोटे भूकंप झाल्याची नोंद युटा विद्यापीठाने केली. मोठे डंपर आणि शॉव्हेल गाडले गेले, उत्पादनाला फटका बसला. माणूस एकही दगावला नाही.

हे यश रडारचं होतं का? अर्धंच. खडकाची कडा सहसा सरकत सरकत पडते, म्हणून ती आधी सांगते. गाळाचा बंधारा तसं सांगेलच असं नाही. पण दोन्ही ठिकाणी दुसरा अर्धा भाग माणसांचा होता. आकडा किती झाला की काम थांबवायचं आणि थांबवण्याचा अधिकार कुणाचा, हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे. चालू खाण बंद ठेवण्याचा खर्च मोठा असतो आणि दरड आली नाही तर तो निर्णय घेणाऱ्यालाच दोष दिला जातो. ज्या खाणीत शिफ्टचा साधा सुपरवायझर कुणाला न विचारता माणसं बाहेर काढू शकतो, तिथे रडारला अर्थ असतो.

अंधारातला शेजारी

भूमिगत खाणींत पाण्याचा धोका वेगळ्या वाटेने येतो. जुनी, सोडून दिलेली खाण वर्षानुवर्षं पाण्याने भरत राहते. शेजारी किंवा खाली नवी खाण चालू असते. मध्ये कोळशाची किंवा दगडाची भिंत सोडलेली असते. ती भिंत किती जाड आहे, हे फक्त नकाशा सांगू शकतो.

२७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या जुन्या भागातलं पाणी फुटून आत शिरलं आणि ३७५ कामगार गेले. भारताच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या खाण अपघातांपैकी हा एक. अमिताभ बच्चन यांचा ‘काला पत्थर’ यावरूनच सुचलेला. पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीपासून ६० मीटरच्या आत जायचं असेल तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची आधी परवानगी हवी, हा नियम १९५७ च्या नियमावलीपासून आहे. परवानगी मिळाल्यावरही पुढे लांब बोअर मारत, चाचपडत जायचं असतं. आंधळ्याने काठी टेकवत चालावं तसं.

पण ६० मीटर मोजायचे कुठून? २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात क्वीक्रीक खाणीत नऊ कामगार अडकले, कारण शेजारच्या बंद खाणीचा त्यांच्याकडचा नकाशा अपुरा होता. जुनी खाण नकाशात दाखवली होती त्यापेक्षा बरीच जवळ आलेली होती. वरून बोअर मारून नऊही जणांना जिवंत काढण्यात यश आलं. भारताने हा प्रकार १९८९ मध्येच पाहिला होता. पश्चिम बंगालमधल्या राणीगंजच्या महावीर खाणीत नोव्हेंबर १९८९ मध्ये पाणी शिरलं. सहा जण दगावले, पण अडकलेल्या ६५ जणांना अभियंते जसवंत सिंग गिल यांनी पोलादी कॅप्सूलमधून एकेक करून वर काढलं. त्यावर २०२३ मध्ये ‘मिशन राणीगंज’ हा सिनेमा आला.

मेघालयात मात्र नकाशाच नव्हता. १३ डिसेंबर २०१८ ला पूर्व जैंतिया हिल्समधल्या कसान इथे बेकायदा ‘रॅट-होल’ खाणीत पाणी शिरून १५ कामगार अडकले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्येच अशा खाणींवर बंदी घातली होती. नौदलाचे पाणबुडे आले, मोठे पंप आले, पण उपसलं तरी पातळी उतरेना. आजूबाजूच्या बिळांचं पाणी एकमेकांत मिसळलेलं होतं आणि कोणतं बीळ कुठे जातं हे कागदावर कुठेच नव्हतं. कुणीही जिवंत बाहेर आलं नाही.

जुन्या खाणींची किंमत वर राहणाऱ्यांनाही मोजावी लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसमध्ये एक अख्खं घर जमिनीत गडप झालं. जीवितहानी झाली नाही, पण आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. अशा पोकळीत पाणी भरतं, उतरतं, पुन्हा भरतं आणि छताला धरून ठेवणारे कोळशाचे खांब झिजत जातात.

कागदावर काय आहे, आणि ते कसं बघायचं?

ब्रुमाडिन्होनंतर ब्राझीलने ‘अपस्ट्रीम’ बंधाऱ्यांवर बंदी घातली. ऑगस्ट २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण संस्था, मोठ्या खाण कंपन्यांची आंतरराष्ट्रीय परिषद आणि गुंतवणूकदारांची एक संघटना यांनी मिळून टेलिंग्जसाठी जागतिक मानक आणलं. त्यात ७७ अटी आहेत. बंधाऱ्यामागे एक जबाबदार अभियंता नावानिशी असावा, तपासणारे स्वतंत्र असावेत, बंधारा फुटला तर खाली कोण सापडेल हे आधी जाहीर करावं, अशा त्या अटी. परिषदेच्या सदस्य कंपन्यांनी त्या पाळण्याचं कबूल केलं आहे. सदस्य नसलेल्यांवर त्याचं बंधन नाही, ही यातली मोठी फट.

महाराष्ट्रात टेलिंग्जच्या बंधाऱ्यांपेक्षा औष्णिक वीज केंद्रांचे राखेचे बंधारे जास्त ओळखीचे आहेत. तांत्रिकदृष्ट्या ते टेलिंग्जचे चुलत भाऊच: बारीक कण, भरपूर पाणी, टप्प्याटप्प्याने वाढणारा बांध. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात नागपूरजवळच्या कोराडी केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला आणि राख आसपासच्या शिवारात आणि ओढ्यांत पसरली.

खाणीजवळ राहणाऱ्या कुणालाही काही गोष्टी स्वतः तपासता येतात. प्रत्येक मोठ्या खाणीला केंद्र किंवा राज्य पातळीवरून पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि मंजुरीचं पत्र केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर असतं. खाणीने दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो, तोही सार्वजनिक कागद आहे. त्यात भूजलाच्या नोंदी शोधायच्या. कोळसा खाणींच्या मंजुरीत आसपासच्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजण्याची अट सहसा असते: पावसाळ्याआधी, पावसाळ्यात, पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात. या चार आकड्यांशेजारी आपल्या विहिरीचा दोर किती लांब सोडावा लागला, हे लिहून ठेवलं की तुलना लगेच होते. ढिगाऱ्याच्या पायथ्याची भिंत, भोवतीचा चर आणि गाळ बसण्याची तळी जागेवर आहेत का, हे रस्त्यावरूनही दिसतं. पावसाळ्याआधी चर गाळाने भरलेला असेल, तर जूनमध्ये पाणी कुठे जाणार हे सांगायला अभियंता लागत नाही.

खाण नवी असेल किंवा जुनी वाढणार असेल, तर बहुतेक प्रकल्पांत जनसुनावणी होते आणि तिच्या किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात यावी लागते. तिथे बोललेलं इतिवृत्तात नोंदवणं बंधनकारक आहे. ढिगारा नेमका कुठे टाकणार, त्या जागेवर झरा किंवा ओढा आहे का, शेजारच्या जुन्या खाणीचा नकाशा कुणाकडे आहे आणि पाणी उपसून सोडणार कुठे, हे चार प्रश्न तिथे विचारले की त्यांची उत्तरं कंपनीला लेखी द्यावी लागतात.